मत विचारलंच आहे म्हणून

सिनेमातला मास्तर वह्या तपासत नाही.
एकदाही नाही. मी लक्ष ठेवून असते.
तो डोंगराकडे बघतो, मुलं त्याच्याकडे बघतात,
आणि मध्यंतरापर्यंत आख्खा वर्ग हुशार होतो.
माझ्या दहावी बचं मध्यंतर म्हणजे मधली सुट्टी.
सातपूरची शिफ्ट सुटावी तशी पोरं सुटतात,
परत येतात ती बोटांना समोशाचं तेल घेऊन,
त्याच बोटांनी कंपास धरायला.

टीव्हीबद्दल माझं मत जरा मवाळ आहे.
मालिकेतली सून दागिने घालून झोपते. झोपू दे.
तिला काही कळलं की ढग कडाडतात,
चेहरे तीन-तीनदा दाखवतात,
सासूचा, नणंदेचा, पुन्हा तिचा,
तेवढ्यात माझी एक वही होते.
एका भागात चौदा,
जाहिराती धरून एकवीस.
बातम्यांत ते जमत नाही. नऊ चौकटींत नऊ जण
एकदम बोलतात, आणि माझा हात
आपोआप डस्टर शोधतो.

संघटनेत मी अकरा वर्षं नव्हते.
चिटणीसांचं आडनाव पगार. कळवणकडचे.
एक तारखेला पावतीपुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये यायचे,
"पगार आला!" कुणीतरी म्हणायचं, दर महिन्याला तोच विनोद,
आणि दर महिन्याला माझ्याकडे सुट्टे नसायचे.
मला घोषणा आवडत नाहीत. मात्रा चुकतात.
फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा मागण्यांहून मोठा,
आणि 'शैक्षणिक'ची वेलांटी दुसरी.

मग निकुंभबाईंची फाईल अडकली.
चौदा महिने, कुठल्याशा एका सहीसाठी.
बाई डबा आणेनाशा झाल्या. उपास आहे म्हणायच्या.
सोमवारी. गुरुवारी. मग बुधवारीही.
बुधवारी कसला उपास, मी विचारलं नाही.
हे मत नाही, ही माझी चूक आहे.
पगार सरांनीही विचारलं नाही.
शेंगदाण्यांची पुडी घेऊन ते त्या कारकुनासमोर जाऊन बसले,
तीन दिवस, एकेक दाणा सोलत, न बोलता.
चौथ्या दिवशी सही झाली.
त्या एक तारखेला
माझ्या पर्समध्ये सुट्टे निघाले.

संपाच्या दिवसांत सिडकोच्या बाजारात
तेजल गांगुर्डे दिसली, आईच्या गाड्यावर, मेथी बांधत.
"मॅडम, पैसे वाढले की वर्तुळ शिकवाल ना?"
तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तोच लागला.
मी दोन जुड्या घेतल्या.
गरज एकीची होती.

धरणं उठलं त्या दुपारी ऊन फार होतं.
सीबीएसवरून आम्ही तिघं सरळ थिएटरात शिरलो,
बॅनर गुंडाळून खुर्चीखाली.
पडद्यावर पुन्हा तोच. पडकी शाळा, डोंगर,
एकटा मास्तर एकट्यानंच गाव सुधारतोय,
ना शेजारी स्टाफरूम, ना समोर कारकून.
निकुंभबाई गार हवेत झोपून गेल्या.
"याची वर्गणी कोण गोळा करतं?" मी कुजबुजले.
उत्तर नाही. वळून बघते तर
पगार सर रडत होते, चक्क,
खालच्या बॅनरचं टोक ओढून डोळे पुसत.
"बाई," ते म्हणाले, "याला सर्व्हिस बुक नाही हो.
हा रिटायर झाल्यावर खाणार काय?"