नैवेद्याआधीची वाटी

मरोळ गावठाणात आमच्या आणि कोठेकरांच्या दारांमध्ये
एक कुंडी, दोन पायपुसणी.
त्या वर्षी प्रार्थनासभेतल्या ब्रदरनं बजावलं,
मूर्तीपुढचं खाऊ नका.
आईनं सत्यनारायणाचा शिरा परत पाठवला
माझ्या हातून.
मी नऊ वर्षांचा. वाटी गरम.
'ताप आहे आईला,' मी म्हणालो.
वत्सलाकाकूंनी पदरानं वाटीचा काठ पुसला
आणि संध्याकाळी पेज घेऊन आल्या.
आई धडधाकट, बोंबील साफ करत बसलेली.
कोणीच काही बोललं नाही.
पेज मात्र आईनं संपवली.

पुढच्या श्रावणात काकू सकाळीच दारात,
केस ओले, पूजा मांडायची बाकी.
'एर्मेलिन, हा आधीच काढलाय.
देवाला दाखवलेला नाही.'

आई बघत राहिली.
तिला ठाऊक होतं,
ही बाई नैवेद्याआधी
शिऱ्याचा वाससुद्धा घेत नाही,
कढईवर तोंड फिरवून ढवळते.

ब्रदरला नंतर काय सांगितलं, मला माहीत नाही.
आईनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला,
रोज जेवताना करते तसाच,
आणि उंबऱ्यातच बसून खाल्ला.
'केळं जास्त झालंय गं.'
'असेल. मला कुठं चाखता येतं?'