काळजाला घरं

ब्रनोमध्ये सप्टेंबर सरत आला की
लोक पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात
आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत मी
फोनचा आवाज वाढवून ठेवते.

या वेळी बोहुमीर क्रेइसा.
चाळीस वर्षं गावभरच्या टोपल्या यांच्या अंगणात यायच्या.
एकेक अळंबी उलटी करून हे सांगायचे :
ही घ्या, ही फेका.
होलुबिंका म्हणजे कबुतरी, हिरवट टोपीची, खायची.
तिच्याच शेजारी तशीच हिरवट दुसरी उगवते,
बुडाची पांढरी पिशवी मातीत लपवून.
त्या दिवशी चष्मा गाडीत राहिला होता.
एवढंच.

झ्दिस्लावाबाई दोन वाट्या सूप प्यायल्या, हे अर्धी.
रात्रभर उलट्या.
दुसऱ्या दिवशी इतकं बरं वाटलं
की बाईंनी पडदे धुतले.
तिसऱ्या दिवशी डोळे हळदीचे.

डॉक्टर म्हणाले, हात पुढे धरा,
गाडी थांबवतो तसा.
तळवा थांबेना. फडफडला, पुन्हा फडफडला.
"कबुतर," नवरा म्हणाला,
आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझ्याकडे एकच नळकांडं तयार होतं.
आत हजारो पोकळ धागे, केसासारखे,
आणि धाग्यांना बाहेरून बिलगलेल्या पेशी
ओलोमोउत्सच्या कुणा माणसाच्या.
त्याचं यकृत चरबीनं पिवळं पडलेलं,
कुणाला बसवण्याजोगं नव्हतं,
म्हणून माझ्याकडे आलं,
बर्फात, साध्या डब्यातून.

शरीराबाहेर पेशी विसराळू होतात.
चार-पाच दिवसांत आपण कोण हेच हरवतं,
षटकोनी अंग सोडून लांबट होतात,
नुसत्या जगतात.
अमोनिया समोर ठेवला
तरी त्याचं काय करायचं ते आठवत नाही.
माझी नोकरी म्हणजे त्यांना आठवण देत राहणं :
सदतीस अंश, थोडं इन्सुलिन, खाली कोलॅजेनची चादर,
आणि शेजाराला दुसऱ्या जातीच्या पेशी,
कारण एकट्या त्या टिकत नाहीत.
अकरा वर्षं हेच करते.
आईला वाटतं, मी रक्त तपासते.

काळजाला घरं पडतात म्हणतात,
दुःखानं.
इथे घरं आधी पाडायची, मोजून,
मग त्यांत काळीज राहायला येतं.

बाईंचं रक्त नळीतून निघालं,
त्यातला गवती रंगाचा द्रव वेगळा होऊन
अनोळखी माणसाच्या घराघरांतून हिंडून
परत त्यांच्याकडे.
क्रेइसा स्टुलावर, सलाइनचा स्टँड हाताशी.
"झोपतात का या?"
"नाही."
"कुणासाठी राबतोय, ते कळतं?"
"नाही."
"मग सुटल्या," ते म्हणाले. "मला कळतं."

अमोनिया दोनशे दहा. एकशे साठ.
एकशे एकाहत्तर, तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही.
चौऱ्याण्णव.
यंत्र बरं करत नाही, हे मी नातेवाइकांना सांगते.
ते मरणाला बाहेरच्या खोलीत गप्पांत गुंतवतं,
तोवर आत माणसाचं स्वतःचं उरलंसुरलं काळीज
पदर खोचून कामाला लागलं तर लागलं.
कधी लागत नाही.

बाईंचं लागलं.
चौथ्या दिवशी डोळे उघडून म्हणाल्या,
"सूप खारट झालं होतं."
नवरा हसला, मग त्याला
नर्सनं धरून बाहेर नेलं.

नळकांडं पिवळ्या पिशवीत. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
तक्त्यात लिहिलं : वापर, बहात्तर तास. विल्हेवाट, होय.
नावाच्या रकान्यात फक्त क्रमांक असतो.
त्याच माणसाच्या थोड्या पेशी एका बशीत उरल्या होत्या.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या :
लांबट व्हायला लागल्या होत्या.
मी तरी त्यांचं पाणी बदललं.

डिसेंबरात एक पार्सल आलं, चिठ्ठी नाही.
घडीचा चाकू, अळंब्या कापायचा.
मी त्यानं आता चिकटपट्ट्या कापते.
दुसऱ्या टोकाला माती झटकायचा बारका ब्रश आहे,
त्यात थोडी माती
अजून आहे.