साठ तोळे

उपेंद्रशेट वेर्लेकर दुकानाची पायरी चढले
तेव्हा साडेबारा झाले होते, मी शटर ओढायच्या बेतात.
मडगावात या वेळी माणसं जेवायला आणि निजायला घरी जातात,
हत्यार घ्यायला कोणी येत नाही.
त्यांनी परवाना काउंटरवर ठेवला, उलगडला,
आणि शेजारी आपले दोन्ही हात ठेवले,
जणू तेही कागदपत्रांपैकीच.

पेरं सुजून अळकुड्यांसारखी.
पंचावन्न वर्षं तार ओढली या हातांनी,
फुंकणीने ज्योत वाकवली,
मोहरीएवढ्या मण्याला डाख दिला.
"आता चहाचा कपसुद्धा दोन हातांनी," ते म्हणाले.
"दुकानात मी एकटाच. मुलगा स्विंडनला."

आधी पिस्तूल दाखवलं. सगळे तेच मागतात.
रिकामं केलं, रिकामं असल्याचं दाखवलं, मग दिलं.
वरची स्लाइड मागे ओढायची, एवढंच.
त्यांनी ओढली. अंगठा घसरला.
पुन्हा ओढली. कपाळावरची शीर उभी राहिली
आणि पोलाद जागचं हललं नाही.
मी बिलबुकाची पानं चाळत राहिलो.

मग सगळ्यात हलकं काढलं, मुठीत मावणारं.
त्यांचा चेहरा उजळला, माझा उतरला,
कारण हे मला सांगावंच लागतं:
शेट, हलकं म्हणजे सोपं नव्हे.
हलकं हत्यार गोळी सुटताना सगळा हिसका
तुमच्या मनगटात ठेवून मोकळं होतं.
जड असेल ते निम्मा स्वतः गिळतं.
"थोरल्या भावासारखं," म्हणाले,
आणि हलकं बाजूला सारलं.

मग रिव्हॉल्व्हर, बत्तीसचं.
मागे ओढायला काही नाही,
फिरतं चाक, सहा घरं,
मूठ रबराची, जाड, सुजल्या बोटांना बरी.
घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला तर चाप मऊ लागतो,
पण थरथरत्या हाताला मऊ चाप नको, मी म्हटलं.
लांब, जड ओढच बरी.
मध्येच विचार बदलायला जागा राहते.

त्यांनी ते तळव्यावर तोललं. डोळे मिटून.
"किती?"
सातशे ग्रॅम.
"साठ तोळे," ते पुटपुटले. "एवढं वजन एका जागी
माझ्या हातात उभ्या जन्मात कुणी ठेवलं नाही.
आणि ठेवलं ते हे."

खिशातलं भिंग डोळ्याला लावून
त्यांनी कानशीचे ओरखडे पाहिले.
"घाईत केलंय काम. आतली कमान मी घरी जरा घासली तर?"
नाही शेट. तिला हात लावायचा नाही.
तेवढ्यापुरते रागावले.
कारागिराला कोणी नाही म्हणत नसतं.

नकली गोळ्या दिल्या, भरून बघा म्हणून.
बोटं ऐकेनात. एक घरंगळून खाली गेली,
दोघेही वाकलो, दोघांचेही गुडघे वाजले.
मग त्यांनी वरच्या खिशातून चिमटा काढला
आणि सहाही घरं भरली, एकेक,
कोंदणात खडा बसवावा तशी.
जेवण निवलं माझं त्या दिवशी.

फेब्रुवारीत निवडणूक लागली. हुकूम आला:
हत्यारं ठाण्यात जमा करा.
रांगेत नुव्याचे, रायचे शेतकरी,
रानडुकरांसाठीच्या लांब नळ्या खांद्यावर,
आणि मध्ये उपेंद्रशेट,
हातात बांगड्यांची मखमली डबी,
आत गुलाबी कागदात गुंडाळलेलं ते.

हवालदार म्हणाला, चाक उघडा.
दोन्ही अंगठे लावून त्यांनी उघडलं,
माझ्याकडे एकदा पाहिलं.
दहा गोळ्या नेल्या होत्या. दहाच्या दहा.
पावती झाली: नंबर, बनावट, परवान्याची मुदत.
मागचे सरकले. शेट हलेनात.

"वजन लिहा."

वजनाला रकाना नाही, हवालदार म्हणाला.

"मग समासात लिहा.
माल परत घेताना मी तोलून घेतो."