खाट नंबर अकरा, डाव्या कुशीवर

निंगराज, तू लिहिलंस: दम लागतो, दोन महिने.
खोड ते.
हे दोन महिने तुझ्या कागदाचे आहेत.
तिला विचार, तिच्या बोलीत, खुर्ची ओढून.

शेवंता गुरव. वय चोवीस. जांबोटीच्या पलीकडचं गाव.
पोटात सहावा महिना.
"कळशी घेऊन आलो की मधीच बसतो बघा.
रातीला दोन उशा घेत होतो. परवा तीन."
बाई असून 'आलो', 'बसतो' म्हणते, हसू नका.
मीही घरी तसंच बोलते.
उशा मोजा.

आता मागं चला.
नऊ वर्षांची असताना घसा धरला.
मिठाच्या गुळण्या, चार दिवसांत शाळा.
तीन आठवड्यांनी गुडघा सुजला,
तो उतरला तर घोटा, मग मनगट,
पाहुणा एका घरी जेवून दुसऱ्या घरी निजावा तसा.
सांधे बरे झाले. घरच्यांनी सुस्कारा सोडला.
घशातल्या जंतूवर उठलेलं शरीर
एव्हाना स्वतःच्याच झडपेशी भांडत होतं.

पेनिसिलीनच्या पाच सुया झाल्या.
सहाव्या वेळी बस आली नाही. सातव्या वेळी सुगी.
पुढं पंधरा वर्षं काही नाही.
'काही नाही' हेसुद्धा लिहायचं असतं, निंगराज.
त्या काळात दोन पाकळ्या कडेकडेनं शिवल्या जात होत्या.
मोरीत पालापाचोळा अडकला
की मागच्या शेतात पाणी चढतं,
तसं रक्त तुंबलं, थेट फुप्फुसात.
आणि आता बाळापायी रक्त जवळजवळ दीडपट.
मोरी तेवढीच.

डाव्या कुशीवर वळ गं.
घंटी नुसती टेकवा, दाबू नका.
पहिला ठोका कडक. दुसऱ्यानंतर एक टिचकी.
मग दुरून, चोर्ल्याच्या घाटात रात्री ट्रक चढावा तशी घरघर.
आली ऐकू?
नसेल तर हो म्हणू नका. मला वर्षभर आली नव्हती.
लक्षण ती सांगते, त्याला बोली लागते.
चिन्ह आपण शोधायचं, त्याला शांतता.
सिस्टर, तेवढा पंखा बंद करा.

निंगराजचं लक्ष नव्हतं.
खाटेच्या पायथ्याशी शेवंताची भाची,
गळ्याला मफलर, आवंढा गिळताना डोळे मिटणारी.
त्यानं खिशातली टॉर्च काढली.
"बाय तेगी," म्हणाला.
मग आठवून, "आ कर."

मी बोलायची थांबले.