मेणाचा हिशेब

ग्युम्रीतल्या काळ्या दगडाच्या चर्चमध्ये
मेणबत्त्या विकते मी, एकवीस वर्षं झाली.
विकते, आणि विझवतेही.
हे दुसरं कुणाला सांगायचं नसतं.

माणूस वाळूत मेणबत्ती खोचतो, क्रूसाची खूण करतो,
वेदीकडे पाठ न करता मागे मागे सरत जातो दारापर्यंत.
दार मिटलं की मी पत्र्याचा डबा घेऊन उठते.
पुढच्याला जागा हवी ना.
अर्धी राहिलेली विनवणी
बोटांना चटका देऊन विझते.

पहिल्या वर्षी रडायचे.
आता चिमटीला घट्टे पडलेत.

तेर वाघिनाक म्हणतात, "वार्सेनिक,
देव ज्योत नाही बघत, लावणारा हात बघतो."
बघत असेल.
त्या डिसेंबरात शाळेच्या ढिगाऱ्यातून
माझ्या थोरलीचा हात वर आला होता,
लाल हातमोजा, मीच विणलेला, अंगठ्यापाशी एक टाका चुकलेला.
तो बघितला का त्यानं,
हे तेर वाघिनाकना मी विचारलेलं नाही.
भला माणूस आहे. गुडघे दुखतात त्यांचे.

शनिवारी सगळी थोटकं घरी नेते,
जर्दाळूचा मुरांबा करायच्या पातेल्यात वितळवते.
आता सांगा, यात कुणाचं कुठलं?
भावानं कोर्टात हरावं म्हणून लावलेली एक होती.
एक त्या यझिदी मेंढपाळणीची,
जी दर वेळी विचारते, तुमचा हा
आमच्या सूर्याला ओळखतो ना?
दोन भूगर्भशास्त्राच्या मास्तरांच्या. ते काहीच मानत नाहीत,
"चुकून खरं असलंच तर," म्हणतात, आणि सुटे पैसे परत घेत नाहीत.
आणि सीमेवरून मुलगा न परतलेली शुशानिक.
तीही दोन घेते.
दुसरी कुणाची, विचारलं एकदा.
"पलीकडे असेलच की कुणीतरी," एवढंच म्हणाली,
नि माझ्यावरच चिडली.

पातेल्यात सगळं एकाच रंगाचं होतं,
जुन्या मधासारखं. वर काजळी तरंगते, ती मी चमच्यानं काढते.
सगळी निघत नाही.
रविवारी त्याच मेणाच्या नव्या मेणबत्त्या
नव्या लोकांना विकते.
म्हणजे शुशानिकचं दुःख त्या कोर्टवाल्यानं पेटवलं असेल,
आणि त्याचा डूख कुणा बाळंतिणीनं.
देवाला कळत असेल का हा घोळ?
की त्यालाच हवा आहे असा?
मला खरंच माहीत नाही.
माहीत असल्यासारखं बोलणाऱ्यांना मी मेणबत्ती देते, वाद घालत नाही.

मी स्वतः कधी लावत नाही.

फक्त गेल्या फेब्रुवारीत
रात्री वीज गेली, चष्मा सापडेना,
म्हणून डब्यातली एक पेटवली.
चष्मा उशीखालीच होता.
तरी बसून राहिले तिच्यासमोर.
मागितलं काहीच नाही. हात मांडीवर होते.
दोनदा चिमूट पुढे गेली, सवयीनं.
दोनदा मागे घेतली.

शेवटपर्यंत जळलेली ज्योत कशी दिसते,
एकवीस वर्षांत
बघितलंच नव्हतं मी.