कार्ला

हडर्सफील्डला ऑक्टोबरच्या शेवटी
बागेत काही उमलायचं नसतं.
डेलियाचे कंद काढून पेपरात गुंडाळायचे,
बाहेरच्या नळाला गोणपाट बांधायचं
आणि मार्चपर्यंत खिडकीतून बघायचं, एवढंच.

पण कुंपणाशी, पाखरांच्या फीडरखाली
कमरेएवढं माजलेलं ते तण
उद्या उपटू, उद्या उपटू म्हणता म्हणता
एका सकाळी पिवळं झालं.

आठ पाकळ्या. मोजल्या.
प्रत्येकीच्या टोकाला तीन दातरे,
पोरानं चोरून कात्री चालवावी तसे.
पानं समोरासमोर, खोडाला बिलगलेली,
हाताला जराशी चिकट.

मी पेरलं नव्हतं.
दिगंबरला विचारलं, तर म्हणाला,
"माझा मोतीबिंदू काढायचाय अजून.
मला सगळंच पिवळं दिसतं."

डोरीन साइक्स कुंपणावरून वाकली,
चष्मा कपाळावर, म्हणाली, कोरिऑप्सिस.
मग स्वतःच म्हणाली, छे, त्याची पानं बारीक.
फोनला फोटो दाखवला.
फोन म्हणाला सूर्यफूल, खात्री चाळीस टक्के.
दुसऱ्या बाजूनं काढला, तर झेंडू.
तिसऱ्यांदा ढग आले. फोन गप्पच.

मला राहून राहून वाटत होतं,
हे तोंड कुठंतरी पाहिलंय,
लग्नात गाठ पडलेल्या लांबच्या नातलगासारखं,
आपण "काय, कसं काय" म्हणत राहतो
आणि नाव काही येत नाही.

तेवढ्यात गोल्डफिंच आले, सहा-सात.
लाल तोंडं, जेवणाची शिस्त शून्य.
एक दाणा पोटात, तीन खाली.
मी खाली बघितलं.

शेडमध्ये गेले. पिशवीवर लिहिलेलं: नायजर.
चिमूटभर तळहातावर घेतले,
काळे, लांबट, चकचकीत,
शिंप्याच्या मोडक्या सुयांची टोकं.
वास घेतला. काही नाही.
मग एक दाताखाली फोडला.

आणि तशीच आत गेले, चिखलाच्या बुटांनी,
वरच्या फळीवर, हिंगाच्या डबीमागे,
ब्रॅडफर्डहून आणलेले कारळे,
लसूण-मिठाबरोबर माझ्याच हातानं कुटलेले.
अकरा वर्षं आम्ही भाकरीशी जे खातो
तेच बाहेर पाखरांना टांगतो,
दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या नावानं,
मध्ये वीस पावलं.

पाहिलंही होतं की.
एसटीच्या खिडकीतून, राजूरच्या अलीकडे,
उतारच्या उतार पिवळा,
आणि शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, खुरासणी.
मी म्हटलं, छान.
मी चिपळूणची. आमच्याकडे कारळे
डब्यातच असतात, त्यांना फूल येतं
हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.
आणि खुरासणी म्हणजे तरी काय,
खुरासानची.
म्हणजे तिथंही कुणीतरी तिला परकी समजूनच
नाव ठेवलेलं.

डोरीनला सांगितलं, कारळा.
"कार्ला!" ती म्हणाली, "माझ्या भाचीचं नाव!"
आणि लाकडी पट्टीवर ठळक अक्षरांत लिहून
मातीत खोचून गेली.
मी दुरुस्त करणार होते.
आतून दिगंबरचा आवाज आला, फोनवर,
"हॅलो, डिग बोलतोय."
राहू दिलं.

दाणा धरायला तिला अजून महिना तरी हवा होता.
गुरुवारी रात्री पारा शून्याखाली गेला.
शुक्रवारी पानं काळी, उकडल्यासारखी,
माना खाली.
पट्टी तेवढी ताठ, कार्ला,
आणि वर फीडरवर तेच सगळे,
एक पोटात,
तीन खाली.