चालु

हत्तुऱ्यांच्या लायब्ररीत महिन्याला पाच रुपये,
एका वेळी एकच पुस्तक,
पान फाटलं तर अनामत विसरायची.
मी सातवीत. अम्माला मराठी बोलता यायचं
बाजारापुरतं, भांडणापुरतं.
वाचता कुठलीच भाषा येत नव्हती.

दुपारी आमच्या बोळातले पत्रे तापून कडकड वाजायचे.
उंबऱ्याशी सुपं मांडून चौघी बसायच्या:
अम्मा, भूदेवक्का, चिलवेऱ्यांची सून
आणि कायम खोकणारी राजव्वा.
भिजवलेली पत्ती, कातर, तंबाखूचा खकाणा.
मी खांबाला टेकून वाचायची.
हजार विड्यांना साधारण साठ पानं पडत.
हजार भरले की अम्मा म्हणायची, चालु.
चालु म्हणजे आमच्या तेलुगूत, पुरे.

त्या कादंबऱ्यांतल्या घरांना जिना असे,
जिन्यावर कुणीतरी रडत असे.
समोरचा चहा तसाच निवत जाई.
भूदेवक्का म्हणे, एवढा चहा वाया घालवून
कसलं गं प्रेम करतात?
पण नायिकेचं लग्न मोडलं त्या दिवशी
तिच्याच विड्या सैल झाल्या.
चेकरने शंभरावर छाट काढली,
तर ती त्याला म्हणाली, घरात मयत होतं.

त्याच वर्षी गिरणीचा भोंगा थांबला.
लोक दारात येऊन एकमेकांना विचारत, वाजला का?
नान्ना भिवंडीला गेले, पॉवरलूमवर.
जाताना मोराची चादर नेली, स्वतः विणलेली.

शेवटची पानं मी आधीच वाचून ठेवू लागले.
ज्यात आई मरे, तिला मी
मिरजेच्या दवाखान्यातून बरी करून आणी.
बोटीने गेलेला मुलगा परत आणला.
एका विधवेचं लग्न लावलं,
लेखकाला न विचारता.
सोपं असतं ते. नजर ओळीवर ठेवायची,
पान वेळेवर उलटायचं.

मग निळं आंतर्देशीय आलं.
नान्ना चौथीपर्यंत मराठी शाळेत होते.

मी वाचलं:
गड्ड्याला येतो. हिरव्या बांगड्या बघून ठेवल्यात.
पोरीची शाळा सोडवू नको.

लिहिलं होतं:
इथे एक आहे. तिला दिवस गेलेत.
वाट बघू नका.

अम्माचा हात थांबला नाही.
विडीचं तोंड तिने नखाने दुमडलं,
दोरा गुंडाळला, तोडला.
मग म्हणाली, एवढंसं पत्र,
त्यात पान कशाला उलटलंस?
आणि जरा वेळाने:
हे कुठल्या पुस्तकातलं?

कुणी हसलं नाही. राजव्वासुद्धा खोकली नाही.

गड्ड्याला मात्र आम्ही गेलो.
काठ्यांची मिरवणूक बघितली, भाग्यश्री चिवडा खाल्ला.
तिने स्वतःच हिरव्या बांगड्या भरल्या,
दोन डझन,
आणि कासाराशी भाव करताना म्हणाली,
ह्यांनी सांगितलंय.

माझी शाळा सुटली नाही.

लायब्ररीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
हत्तुऱ्यांच्या मुलाने पुस्तकं किलोवर विकली,
मी चौदा किलो घेतली.
टॉवेलच्या कारखान्यात खोक्यांवर पत्ते लिहिते मी,
हॅम्बुर्ग, दुबई,
आणि रात्री ती उघडते.
शिवणीत अजून तंबाखू सापडते.
माझे शेवट कशातच नाहीत.

सिव्हिलमध्ये तिसऱ्या रात्री
तिच्या उशाशी त्यांतलंच एक वाचत होते.
आई मरते ते पान जवळ आलं.
मिरज तोंडापर्यंत आलं होतं.
पण या वेळी मी छापलं होतं तेच वाचलं,
अडखळत, पहिल्यांदाच वाचल्यासारखं.

अम्माने डोळे उघडले नाहीत.
म्हणाली, चालु.

नर्सने सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं.
हो मावशी, म्हणाली,
चालू आहे.